फौजदारी खटल्यांचा भार: वर्षावर्षांचे आकडे कसे वाचायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातल्या, विशेषतः महाराष्ट्रातल्या, फौजदारी खटल्यांची संख्या कशी मोजली जाते, ती का बदलते आणि दोन वर्षांची तुलना करताना कुठे फसायला होते, याची माहिती या पानावर आहे. विद्यार्थी, पत्रकार, वकिलीला नुकतीच सुरुवात केलेले आणि स्वतःच्या खटल्याच्या निमित्ताने आकडे पाहणारे अशा सगळ्यांसाठी ती लिहिली आहे.

‘खटल्यांचा भार’ म्हणजे नेमका कोणता आकडा?

हा एक आकडा नसून तीन आकडे आहेत: वर्षभरात नव्याने दाखल झालेले खटले, वर्षभरात निकाली निघालेले खटले आणि वर्षअखेर शिल्लक राहिलेले, म्हणजे प्रलंबित खटले. हिशेबाच्या वहीत आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक असते, तशीच ही मांडणी आहे. ‘खटले वाढले’ अशी बातमी दिसली की यातले काय वाढले, हे आधी विचारावे. दाखल खटले कमी होऊनही शिल्लक वाढू शकते; निकाली निघण्याचा वेग त्याहून जास्त घटला की तसेच होते.

समजा, एका प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात वर्षारंभी २,४०० खटले होते, वर्षभरात १,१०० दाखल झाले आणि ९५० निकाली निघाले. वर्षअखेर शिल्लक २,५५०. निकाली खटल्यांना दाखल खटल्यांनी भागले की निपटारा दर मिळतो, इथे ८६.४ टक्के. तो शंभराच्या खाली आहे तोवर शिल्लक वाढतच राहणार. दुसरे एक उपयोगी गणित असे: शिल्लक भागिले निकाली गुणिले ३६५. इथे उत्तर येते साधारण ९८० दिवस. नवा एकही खटला आला नाही आणि वेग हाच राहिला, तर शिल्लक संपायला एवढे दिवस लागतील, इतकाच त्याचा अर्थ. एखाद्या खटल्याला सरासरी ९८० दिवस लागतात, असा अर्थ यातून निघत नाही; वर्तमानपत्रांत मात्र तो बऱ्याचदा तसा काढला जातो.

गुन्हे वाढले की खटले वाढणारच ना?

तसे गृहीत धरू नका. घटना घडणे आणि न्यायालयात खटला उभा राहणे यांच्यामध्ये बरेच टप्पे आहेत. कोणी तक्रार करायला जाते की नाही, ठाण्यात दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात) नोंदवतात की अदखलपात्र म्हणून एनसी, म्हणजे वहीतली नुसती नोंद, घेऊन परत पाठवतात, तपासाअंती दोषारोपपत्र जाते की तपास बंद करण्याचा समरी अहवाल, न्यायालय त्याची दखल घेते की नाही. यातला एक टप्पा सैल किंवा घट्ट झाला की पुढचे सगळे आकडे हलतात आणि रस्त्यावरची परिस्थिती तीच असू शकते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत दिसते. देशात बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या २४,९२३ वरून ३३,७०७ वर गेली, म्हणजे एका वर्षात ३५ टक्के वाढ. त्या काळात काय बदलले ते पाहा. १४ नोव्हेंबर २०१२ ला पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, अमलात आला. फेब्रुवारी २०१३ पासून फौजदारी कायद्यातल्या दुरुस्त्यांनी बलात्काराची व्याख्या रुंदावली आणि संमतीचे वय १६ वरून १८ झाले. अशी फिर्याद नोंदवून घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसावरच दंड संहितेच्या १६६अ कलमाखाली कारवाईची तरतूद आली. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर तक्रार करायला पुढे येणाऱ्यांची संख्याही वाढली. या आकड्यावरून ‘अत्याचार ३५ टक्क्यांनी वाढले’ असे म्हणता येत नाही. जे पूर्वी दडपले जात होते त्यातले काही नोंदले जाऊ लागले, हे मात्र ठामपणे म्हणता येते. नोंद वाढणे ही अनेकदा चांगली बातमी असते आणि ती तशी सांगितली गेली पाहिजे.

त्याच वर्षी, १२ नोव्हेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले की माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे. त्यानंतरच्या वर्षांची आधीच्या वर्षांशी तुलना करताना ही तारीख डोळ्यांसमोर ठेवावी.

पोलिसांनी तपास पूर्ण केलेले सगळे गुन्हे न्यायालयात जातात का?

कागद सगळ्यांचे जातात, खटला सगळ्यांचा होत नाही. महाराष्ट्रात दोषारोपपत्र न पाठवता तपास बंद करायचा असेल तर समरी अहवाल पाठवतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही, तर ‘ए’ समरी. फिर्याद जाणूनबुजून खोटी, तर ‘बी’ समरी. गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची बाब, म्हणजे धड खरीही नाही आणि खोटीही नाही, तर ‘सी’ समरी. एखाद्या जिल्ह्यात चोरीचे गुन्हे वाढले आणि खटले वाढले नाहीत, तर आधी ‘ए’ समरीचा आकडा मागवा. मोबाइल आणि दुचाकीचोरीच्या बाबतीत कोडे बहुधा तिथेच सुटते.

एनसीआरबीचा आकडा आणि न्यायालयांच्या संकेतस्थळावरचा आकडा जुळत का नाहीत?

दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, म्हणून ते जुळायलाही नकोत.

एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, ‘क्राइम इन इंडिया’ ही वार्षिक मालिका पोलिसांच्या नोंदींवर उभी आहे. एफआयआर ही तिची सुरुवात. त्यामुळे थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल होणाऱ्या खासगी फिर्यादी तिच्यात येत नाहीत. चेक न वटल्याच्या फिर्यादी येत नाहीत. घरगुती हिंसाचार कायद्याखालचे अर्ज आणि पोटगीचे अर्जही येत नाहीत. शिवाय तिथे मुख्य गुन्ह्याचा नियम आहे: एका एफआयआरमध्ये पाच कलमे असली तरी सर्वांत जास्त शिक्षेच्या कलमाखाली एकदाच मोजणी होते. घरफोडी करताना खून झाला तर ती नोंद खुनाखाली जाते आणि घरफोडीच्या रकान्यात दिसत नाही.

नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड, म्हणजे एनजेडीजी, सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते न्यायालयातले क्रमांक मोजते: आरसीसी (नियमित फौजदारी खटला), एससीसी (संक्षिप्त फौजदारी खटला), सेशन्स केस, स्पेशल केस, किरकोळ फौजदारी अर्ज, जामीन अर्ज, अपील. एकाच एफआयआरमधून एक आरसीसी, चार जामीन अर्ज आणि मुद्देमाल परत मिळण्याचा एक अर्ज असे सहा क्रमांक तयार होऊ शकतात. म्हणून तिथे मूळ खटले आणि अर्ज वेगळे करूनच वाचावे लागते.

देशातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत आणि दर चारांपैकी सुमारे तीन फौजदारी आहेत, हे एनजेडीजीवरून दिसते. ते ‘चार कोटी गुन्हेगार खटल्याची वाट पाहत आहेत’ असे नव्हे.

चेक न वटल्याच्या केसेसनी फौजदारी न्यायालये खरेच भरली आहेत का?

हो. प्रलंबित खटल्यांचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर या एका कलमावर थांबायला हवे.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. त्याआधी चेक परत जाणे ही मुख्यतः दिवाणी वसुलीची बाब होती. एका दुरुस्तीने तो गुन्हा ठरला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पूर्णपणे नवा ओघ सुरू झाला. विधी आयोगाच्या २००८ च्या २१३ व्या अहवालात अशी ३८ लाखांहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्याचे नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा विषय स्वतःहून हाती घेतला, तेव्हा ३१ डिसेंबर २०१९ अखेरचा आकडा पुढे आला: २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी प्रकरणांपैकी ३५.१६ लाख एकट्या १३८ ची.

ती तुंबतात कुठे? कायद्याच्या कलम १४३ मध्ये सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. अडचण सुनावणीआधीच येते. आरोपीचा पत्ता बदललेला असतो, समन्स बजावले जात नाही, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र वॉरंट, आणि प्रत्येक पायरीला दोन-तीन महिने. पोलीस ठाण्याच्या कामांच्या यादीत खासगी फिर्यादीतल्या वॉरंटचा क्रमांक शेवटी लागतो. उरलेला वेळ संक्षिप्त खटल्याचे रूपांतर जास्त सविस्तर चालणाऱ्या समन्स खटल्यात झाल्याने जातो. असे करताना न्यायदंडाधिकाऱ्यांनी कारणे नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२१ ला सांगितले.

मोजणीच्या दृष्टीने इथे दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. पहिली, अधिकारक्षेत्र. १ ऑगस्ट २०१४ च्या दशरथ रूपसिंग राठोड निकालाने फिर्याद ज्या बँकेवर चेक काढला तिच्या ठिकाणी दाखल करायची, असे ठरले आणि बऱ्याच फिर्यादी एका शहरातून परत होऊन दुसऱ्या शहरात गेल्या. २०१५ च्या दुरुस्तीने अधिकारक्षेत्र पुन्हा चेक जमा करणाऱ्याच्या बँक शाखेकडे आले. त्या दोन वर्षांत एखाद्या शहराच्या आकड्यांत अचानक खळगा किंवा उंचवटा दिसला तर व्यापाऱ्यांच्या प्रामाणिकपणात त्याचे कारण शोधू नका. दुसरी गोष्ट, चेकची संख्या. हप्त्यापोटी दिलेले बारा चेक वर्षभरात परत गेले आणि तो एकच व्यवहार ठरला नाही, तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २१९ प्रमाणे एका खटल्यात जास्तीत जास्त तीन, म्हणजे किमान चार खटले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २४२ मध्ये ही मर्यादा पाच आहे, म्हणजे तेच बारा चेक तीन खटल्यांत बसतात. देणेकरी तोच, रक्कम तीच, संख्या मात्र चारावरून तीनवर.

२०२० मध्ये लोक घरात होते, तरी गुन्हे २८ टक्क्यांनी कसे वाढले?

२०१९ मध्ये देशात ५१,५६,१५८ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले आणि २०२० मध्ये ६६,०१,२८५. भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाचा भंग केल्याबद्दल, २०१९ मध्ये २९,४६९ गुन्हे होते; २०२० मध्ये ते ६,१२,१७९ झाले. टाळेबंदीच्या काळात मास्क, संचारबंदी, दुकान उघडे ठेवणे अशा कारणांवरून झालेली ही नोंद आहे. चोरी आणि घरफोडीचे गुन्हे त्याच वर्षी घटले होते.

पुढे या गुन्ह्यांचे काय झाले तेही शिकण्यासारखे आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ नुसार कलम १८८ च्या गुन्ह्याची दखल न्यायालय तेव्हाच घेऊ शकते, जेव्हा संबंधित अधिकारी किंवा त्याचा वरिष्ठ लेखी फिर्याद देतो. नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर ती घेता येत नाही आणि या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी गुन्हे रद्द केलेले आहेत. नंतर महाराष्ट्रासह काही राज्यांनी टाळेबंदीतले असे खटले मागे घेण्याचे ठरवले. म्हणजे २०२० मध्ये फुगलेला आकडा पुढच्या काही वर्षांत निकाली खटल्यांच्या रकान्यातही फुगून बाहेर पडतो.

त्यानंतरचे एकूण आकडे असे: २०२१ मध्ये ६०,९६,३१०, २०२२ मध्ये ५८,२४,९४६ आणि २०२३ मध्ये ६२,४१,५६९. २०२० ला पाया धरून ‘गुन्हे घटले’ म्हणणारा तक्ता दिशाभूल करतो. पाया धरायचाच तर २०१९ धरावा, किंवा १८८ वगळून मालिका मांडावी.

दोषसिद्धीचे प्रमाण वाढले म्हणजे अभियोग पक्षाचे काम सुधारले का?

सुधारले असेलही, पण आधी हे प्रमाण कशाचे आहे ते बघा. एनसीआरबीच्या रीतीने ज्या खटल्यांची सुनावणी पूर्ण होऊन शिक्षा, निर्दोष मुक्तता किंवा आरोपमुक्ती झाली, त्यांपैकी शिक्षा झालेले किती, एवढेच ते सांगते. तडजोडीने मिटलेले, मागे घेतलेले, रद्द झालेले खटले छेदात नसतात. नोंदलेल्या दर शंभर गुन्ह्यांमागे किती शिक्षा, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर खूपच खाली येते.

दंड संहितेच्या गुन्ह्यांत हे प्रमाण २०१९ मध्ये ५०.४ टक्के होते आणि २०२० मध्ये ५९.२ टक्के. त्या वर्षी न्यायालये महिनोन्महिने जवळपास बंद होती. साक्षीदार येऊ शकत नव्हते, त्यामुळे साक्षीपुराव्याचे लांबलचक खटले थांबले. जे निकाली निघाले त्यांत गुन्हा कबूल करून दंड भरण्याची लहान प्रकरणे तुलनेने जास्त असणार, आणि अशा प्रकरणांत शिक्षा जवळपास ठरलेलीच असते. पुढे २०२१ मध्ये प्रमाण ५७.० आणि २०२२ मध्ये ५४.२ टक्के झाले. खटल्यांचे मिश्रण बदलले की टक्केवारी बदलते. म्हणून दोषसिद्धी नेहमी गुन्ह्याच्या प्रकारानुसार पाहावी: खून वेगळा, चोरी वेगळी, हुंड्यासाठीचा छळ वेगळा.

एकच प्रकरण दोनदा मोजले जाते का?

जाते, आणि त्यामागे कोणाची लबाडी नसते.

खुनाचे दोषारोपपत्र आधी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाते. तिथे त्याला आरसीसी क्रमांक पडतो. मग प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग होते. खालच्या न्यायालयात ते निकाली दाखवले जाते आणि सत्र न्यायालयात नवीन दाखल. जिल्ह्याची बेरीज करताना दोन्ही पातळ्या एकत्र केल्या की एक खून आवकेत दोनदा आणि जावकेत एकदा जास्त येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३२ मध्ये हे वर्ग करण्याचे काम ९० दिवसांत, आणि कारणे नोंदवून १८० दिवसांपर्यंत, पुरे करायचे आहे.

एखादा आरोपी फरार असला तर हजर आरोपींचा खटला चालवून फरारीचे कागद वेगळे करतात. तिथे नवा क्रमांक जन्माला येतो. कित्येक वर्षे आरोपी सापडत नसेल तर प्रकरण डॉर्मंट फाइलमध्ये, म्हणजे सुप्त यादीत टाकता येते. मग ते चालू शिल्लकेतून उतरते, पण कोणाला न्याय मिळालेला नसतो. आरोपी सापडला की ते परत बोर्डावर, म्हणजे चालू कामाच्या यादीत, येते. एखाद्या न्यायालयाची शिल्लक एकाच महिन्यात शे-दोनशेने उतरलेली दिसली तर मोठी लोकअदालत झाली का, न्यायालयाचे विभाजन झाले का आणि सुप्त यादीत किती गेले, हे तीन प्रश्न विचारावेत.

१ जुलै २०२४ नंतरच्या आकड्यांची आधीच्यांशी तुलना करता येते का?

करता येते, पण कलमागणिक हिशेब जुळवून. त्या दिवसापासून दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमे आली. जुळणी करताना रोज लागणाऱ्या जोड्या अशा: खून ३०२ चे १०३, फसवणूक ४२० चे ३१८(४), चोरी ३७९ चे ३०३(२), निष्काळजीपणाने मृत्यू ३०४अ चे १०६, पतीकडून किंवा सासरकडून छळ ४९८अ चे ८५, आदेशभंग १८८ चे २२३.

खरी अडचण आहे जिथे कलम नुसते हललेले नाही, तर गुन्ह्याची चौकटच बदलली आहे. हिसका मारून चोरी आता कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी सोनसाखळीचे प्रकरण चोरी किंवा जबरी चोरीत मोजले जाई. संघटित गुन्हेगारीसाठी १११ आणि किरकोळ संघटित गुन्ह्यांसाठी ११२ ही कलमे नव्याने आली. सर्वांत सहज नजरेआड होणारा बदल चोरीचा आहे: पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची पहिल्यांदाच केलेली चोरी, माल परत केला असता, सामाजिक सेवेच्या शिक्षेस पात्र आहे आणि तो अदखलपात्र गुन्हा ठरतो. अशी प्रकरणे एफआयआरच्या मोजणीतून निसटून एनसीच्या वहीत जाऊ शकतात. पुढच्या वर्षांत चोरीचा आकडा उतरला तर हे लक्षात घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

दोन्ही कायदे बरीच वर्षे शेजारी शेजारी चालतील. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर एफआयआर आज नोंदवला तरी कलमे जुन्या दंड संहितेची लागतात. त्या तारखेला जे तपास आणि खटले चालू होते, ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ नुसार जुन्याच प्रक्रियेने पुढे जातात. म्हणून आरोप निश्चितीसाठी ६० दिवस, जास्तीत जास्त दोन तहकुबी अशा नव्या मुदतींचा परिणाम जुन्या शिल्लकेवर शोधू नका.

एकाच वर्षाचे दोन वेगळे सरकारी आकडे सापडले. कोणता खरा?

दोन्ही खरे असू शकतात. २०१५ सालच्या विशेष व स्थानिक कायद्यांखालच्या गुन्ह्यांचा आकडा त्या वर्षीच्या ‘क्राइम इन इंडिया’त ४३,७६,६९९ आहे, पुढच्या आवृत्तीतल्या तुलनातक्त्यात त्याच वर्षासाठी १७,६१,२७६. शीर्षकात काय धरायचे ते बदलले आणि मागची वर्षे नव्या मापाने पुन्हा लिहिली गेली. मालिका तयार करताना प्रत्येक वर्षाचा आकडा त्या वर्षाच्या पुस्तकातून उचलण्यापेक्षा नव्या आवृत्तीच्या तुलनातक्त्यातून मागे जावे, आणि कोणती आवृत्ती वापरली ते तक्त्याखाली लिहावे.

कायदा कडक केला की भार किती वाढतो?

बिहारचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. एप्रिल २०१६ पासून तिथे संपूर्ण दारूबंदी झाली. अटकसत्रामुळे जामीन अर्ज इतके वाढले की पाटणा उच्च न्यायालयाचे बरेच न्यायाधीश त्यातच गुंतून पडले आणि डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीशांनी जाहीरपणे या कायद्याचा उल्लेख दूरदृष्टी नसलेल्या कायद्यांचे उदाहरण म्हणून केला. २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्यांदा दारू पिताना सापडलेल्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर दंड भरून सुटण्याची सोय झाली. ताण तयार झाला तो खटल्यांमुळे कमी आणि जामीन अर्जांमुळे जास्त, आणि नेमका हाच भाग कायदा करताना कोणी मोजत नाही.

उलट दिशेचे प्रयत्नही आहेत. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली फौजदारी धार काढली किंवा बोथट केली. वाहतुकीच्या ई-चलनांसाठी महाराष्ट्रातले पहिले व्हर्च्युअल कोर्ट ३१ ऑक्टोबर २०२० ला नागपूरच्या काटोल रोडवर सुरू झाले. ऑनलाइन दंड भरला की प्रकरण तिथेच संपते. चलन नाकबूल केले तरच ते नेहमीच्या न्यायालयात येते.

न्यायाधीश वाढवले की शिल्लक संपेल?

न्यायाधीश कमी आहेत याबद्दल वाद नाही. विधी आयोगाने १९८७ मध्ये १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीशांची संख्या १०.५ वरून ५० करण्याची शिफारस केली, सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तसे निर्देश दिले, आणि आज मंजूर पदे धरूनही आकडा २१ च्या आसपास आहे. त्यातली बरीच पदे रिकामी असतात.

पण फौजदारी खटला एकटा न्यायाधीश चालवत नाही. सहायक सरकारी अभियोक्ता दोन न्यायालये सांभाळत असेल तर दुसरे न्यायालय त्या वेळेत साक्ष घेऊ शकत नाही. तपासी अंमलदाराची बदली झालेली असते आणि साक्षीसाठी तो दुसऱ्या जिल्ह्यातून यावा लागतो. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आलेला नसतो. पंच फितूर होतात किंवा त्यांचा पत्ताच लागत नाही. न्यायालय वाढवून हे लोक वाढवले नाहीत तर नव्या न्यायालयात जुन्याच तारखा पडतात. अकराव्या वित्त आयोगाच्या पैशातून २००० पासून मंजूर झालेली १,७३४ जलदगती न्यायालये केंद्राचा निधी ३१ मार्च २०११ ला थांबल्यावर अनेक राज्यांत बंद पडली. २०१९ च्या योजनेत १,०२३ विशेष जलदगती न्यायालये ठरली, त्यांत ३८९ फक्त पॉक्सोसाठी. अशा न्यायालयाला खटले शेजारच्या न्यायालयातूनच वर्ग होतात, त्यामुळे पहिल्या वर्षी शेजारच्या न्यायालयाची शिल्लक उतरली तरी जिल्ह्याची तेवढीच राहू शकते.

लोकअदालतीत एका दिवसात लाखो प्रकरणे निघतात, तरी शिल्लक तेवढीच कशी?

जाहीर होणाऱ्या आकड्यात दाखलपूर्व प्रकरणेही असतात: बँकेची थकबाकी, वीजबिल, पाणीपट्टी, ई-चलन. ती न्यायालयाच्या शिल्लकेत कधी नव्हतीच. दाखल आणि दाखलपूर्व असे दोन रकाने वेगळे मागावेत. फौजदारी तडजोडीचा खरा आकडा पहिल्या रकान्यात असतो.

गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेण्याची सोय भारतात आहे ना?

आहे, ५ जुलै २००६ पासून, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. महिला आणि मुलांवरचे गुन्हे वगळून. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अर्जाला आरोप निश्चितीपासून ३० दिवसांची मुदत आहे. वापर नगण्य आहे. साक्षीदार फितूर होण्याची शक्यता असताना आरोपीला कबुलीची घाई नसते, आणि शिक्षेची नोंद झाली की नोकरी जाते.

माझ्या जिल्ह्याची मालिका मला स्वतः तयार करायची आहे. सुरुवात कशी करू?

एनजेडीजीवर राज्य, मग जिल्हा निवडा आणि फौजदारी भाग उघडा. वयोगटानुसार शिल्लक दिसते: एक वर्षापर्यंत, एक ते तीन, तीन ते पाच, पाच ते दहा, दहा ते वीस, वीस ते तीस आणि त्याहून जुनी. सर्वांत आधी तारीख आणि वेळ लिहून ठेवा, कारण हे पान रोज बदलते आणि कालचा आकडा उद्या मिळत नाही. दर महिन्याच्या एकाच तारखेला नोंद घेतली तर वर्षभरात स्वतःची मालिका होते. मे आणि दिवाळीच्या सुट्टीचे महिने एकमेकांशी न ताडता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडावेत.

मागची वर्षे हवी असतील तर पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे आणि अभियोग संचालनालयाच्या जिल्हा कार्यालयाकडे माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. ‘गेल्या दहा वर्षांत खटले का वाढले ते कळवावे’ असे विचारले तर उत्तर मिळणार नाही. जन माहिती अधिकाऱ्याने विश्लेषण करून देणे अपेक्षित नाही. ‘अमुक वर्षांच्या मासिक निपटारा विवरणपत्रांच्या प्रती द्याव्यात’ असे मागा. कागद कार्यालयात असतो, तो द्यावाच लागतो. न्यायालयांना स्वतंत्र नियम आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे अर्ज करण्याआधी ते पाहून घ्या.

तक्ता करताना किमान हे रकाने ठेवा: आरंभीची शिल्लक, दाखल, वर्ग होऊन आलेले, निकाली, वर्ग होऊन गेलेले, अखेरची शिल्लक. यंदाची अखेरची शिल्लक पुढच्या वर्षाच्या आरंभीच्या शिल्लकेशी जुळली पाहिजे. ती जुळत नसेल तर बहुधा न्यायालयाचे विभाजन किंवा संगणकावरची जुनी नोंद दुरुस्त झालेली असते. फरक लपवू नका, खाली टीप देऊन दाखवा.

दर लाख लोकसंख्येमागचा दर वापरावा का?

वापरावा, पण जपून. २०२२ मध्ये तो ४२२.२ होता, २०२३ मध्ये ४४८.३. छेदातली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून काढलेला अंदाज आहे. स्थलांतरितांनी वेगाने वाढलेल्या शहरांत अंदाज कमी पडतो आणि दर खोटाच चढलेला दिसतो. दोन जिल्ह्यांच्या क्रमवारीसाठी तो वापरूच नये.

या आकड्यांवरून माझ्या खटल्याचा निकाल कधी लागेल हे कळेल का?

नाही. त्यासाठी खटल्याचा टप्पा पाहावा लागतो. सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक घ्या. त्यातली पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचे दोन अंक, दाखल क्रमांकाचे सहा आणि वर्षाचे चार. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. टप्पा ‘समन्स’ किंवा ‘वॉरंट’ असेल तर ते बजावले का, याची चौकशी ठाण्यातल्या समन्स-वॉरंट अंमलदाराकडे करा. ‘आरोप निश्चिती’वर अडकला असेल तर सगळे आरोपी एकाच तारखेला हजर राहतात का ते रोजनाम्यावरून तपासा. ‘पुरावा’ असेल तर दोषारोपपत्रातल्या साक्षीदारांपैकी किती तपासले आणि किती उरले ते मोजा आणि शेवटच्या सहा तारखांना प्रत्यक्षात किती साक्षी झाल्या ते पाहा. उरलेले बारा साक्षीदार आणि सहा तारखांत दोन साक्षी, तर आणखी छत्तीस तारखा. तारखांमधले अंतर दीड महिना असेल तर साडेचार वर्षे. हा हिशेब लेखी मांडून वकिलांमार्फत लवकर सुनावणीचा अर्ज देता येतो, आणि आरोपी कोठडीत असेल तर जामीन अर्जातही तो जोडता येतो.